सोयाबीनच्या घरच्या बियाण्यावर बुरशी: पेरावं की नको?

दूधगंगेचा लेक | २४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यात आमचं अडीच एकर सोयाबीन असतं. बियाणं घरचंच, फुले संगम. गेल्या दिवाळीच्या तोंडावर पीक कापून पडलं आणि नेमका चार दिवस पाऊस लागून राहिला. पेंढ्या रानातच भिजल्या. नंतर ऊन पडल्यावर मळणी केली, दोन उन्हं दिली आणि दीड क्विंटल बियाण्यासाठी बाजूला काढलं.

आठवड्यापूर्वी गोणपाटावर उगवण तपासायला घातली. १०० दाणे मोजून दहा-दहाच्या दहा ओळी लावल्या, गुंडाळी करून ओली ठेवली. आज सातव्या दिवशी उघडली तर ५८ उगवलेत. न उगवलेल्या बऱ्याच दाण्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी आहे, सहा-सात दाण्यांवर हिरवी-पिवळी भुकटी. हाताला वास लागला तो अजून जात नाही. पोत्यातलं कोरडं बी हातावर घेऊन बघितलं तर काही दाणे खडूसारखे पांढरट, चिरलेले, चपटे आहेत आणि काहींवर जांभळे डाग आहेत.

माझे प्रश्न असे. बुरशीनं बी मेलं, की मेलेल्या बियावर बुरशी आली? बीजप्रक्रिया केली, म्हणजे बियाला औषध लावलं, तर ५८ चे ७० होतील का? आणि उगवलेल्यांतही काहींच्या दलांवर (दाण्याच्या दोन जाड डाळिंब्यांवर) तपकिरी खड्डे आहेत, मुळाचं टोक करपलंय. ती रोपं रानात टिकतील का?

बाबांचं म्हणणं, "गोणपाटात कुजतंय ते रानात उगवतंय, काळजी करू नको." मला मात्र झोप लागेना.

---

करवीर ७१ | २४ मे, रात्री १०.०५

५८ म्हणजे प्रमाणित बियाण्याच्या ७० टक्क्यांच्या अटीखाली. बाजारात विकून टाका, नवीन पिशव्या आणा.

---

गडहिंग्लजकर | २४ मे, रात्री १०.५०

करवीर, इतक्या लवकर विकायला नको. अडीच एकराला ७५ किलो लागतं, यांच्याकडं दीडशे किलो आहे. निवडायला वाव आहे.

आमच्याकडं भुईमुगात हेच भोगलंय म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीतच शेंगा फोडून दाणे पोत्यात भरून ठेवले, कारण फोडणीचं यंत्र गावात आलं होतं. जूनमध्ये पेरलं. उगवण दिसायला चांगली, आठ दिवसांत सरी हिरवी. बाराव्या-तेराव्या दिवशी सकाळी बघतो तर मधूनमधून रोपं माना टाकलेली. एक उपटलं. जमिनीलगत मानेवर काजळी फासल्यासारखी काळी भुकटी, बोटाला लागेल अशी, आणि मान कुजून दोऱ्यासारखी झालेली. पुढचे दहा दिवस रोज दहा-पंधरा रोपं जायची. चार ओळींमागं एक ओळ गेली असं समजा.

कृषी सहायकांनी बघून सांगितलं, अ‍ॅस्परजिलस नायजर, मानकूज. बुरशी मातीत असते तशी दाण्यावरूनही येते, आणि यंत्रानं सालपट खरचटलेल्या दाण्यात तिला दारच उघडं मिळतं. तेव्हापासून शेंग शेंगेतच ठेवतो. पेरणीआधी आठ-दहा दिवस घरातल्या बायका हातानं फोडतात, साल सोललेला, सुरकुतलेला दाणा बाजूला काढतात आणि दर किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक लावतो. मर अजूनही दिसते, पण मोजकी.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून: उगवलं म्हणजे सुटलं असं नाही.

---

बीजांकुर | २५ मे, सकाळी ७.३०

बियाण्यांच्या रोगांवरच माझं शिक्षण झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेकदादा, पहिला प्रश्न अगदी नेमका विचारलात. उत्तर असं की दोन्ही घडतं, कारण बुरश्या दोन जातीच्या आहेत.

एक रानातली. फोमॉप्सिस, सर्कोस्पोरा, कोलेटोट्रायकम, फ्युजारियम ही मंडळी पीक उभं असतानाच शेंगेवर असतात. शेंग हिरवी असेपर्यंत दाणा बराचसा सुरक्षित असतो. शेंग पिवळी पडून वाळायला लागली आणि तेव्हाच पाऊस लागला, की बुरशी शेंगेतून दाण्यात शिरते. खडूसारखा पांढरा, चिरलेला, चपटा दाणा ही फोमॉप्सिसची खूण. जांभळा डाग सर्कोस्पोरा किकुचीचा. तुमच्या पेंढ्या भिजल्या त्या चार दिवसांत हे सगळं घडलं.

दुसरी साठवणीतली. हिरवी-पिवळी भुकटी बहुतेक अ‍ॅस्परजिलसची. ती रानात फारशी त्रास देत नाही. दाण्यात ओल १२ टक्क्यांवर राहिली आणि खोलीत हवा कोंडली की पोत्यात वाढते. सोयाबीन तेलाचं बी. बुरशी तेल फोडते, आंबट आम्लं वाढतात, पेशींची आवरणं विरतात. असा दाणा पाण्यात पडला की आतली साखर बाहेर झिरपते आणि तिच्या वासावर मातीतली पिथियमसारखी बुरशी धावून येते. म्हणजे मार दुहेरी. एकीनं बी कमजोर केलं, दुसरीनं ते मातीतच संपवलं.

आता एक विनंती. ५८ पुन्हा मोजा. प्रयोगशाळेत मोड आलेला प्रत्येक दाणा धरत नाहीत, फक्त सामान्य रोप धरतात. मूळ सरळ आणि शाबूत हवं, दांडा न चिरलेला हवा, दलांचा निम्म्याहून जास्त भाग निरोगी हवा. मुळाचं टोक करपलेलं रोप विकृत समजतात.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मेलेला दाणा औषधानं उठत नाही. पण जिवंत असून बुरशीनं वेढलेला दाणा औषधानं वाचतो. तुमच्या १०० मध्ये असे किती आहेत ते गोणपाटावरून कळत नाही, लावून बघावं लागेल.

---

मातीचा वास | २५ मे, सकाळी ८.१५

बीजांकुरताई, पोत्यावर उगवणीचा टक्का लिहिलेला असतो त्याचा अर्थ इतक्या वर्षांत कोणी असा सांगितला नव्हता. धन्यवाद.

---

भुदरगडी आप्पा | २५ मे, दुपारी १.१०

मी ६८ वर्षांचा आहे. मुलांनो, रागावू नका, पण दर किलोला इतके ग्रॅम अन् तितके ग्रॅम हे ऐकून जीव दडपतो. आमच्या वडिलांनी कधी औषध आणलं नाही. नाचणी कणगीत, भात तट्ट्यात, शाळू पेवात. वर राख, मध्ये निगडीचा पाला. हंगाम आला की काढायचं अन् पेरायचं. उगवत नव्हतं का?

---

बीजांकुर | २५ मे, दुपारी २.००

आप्पा, रागावायचं काय त्यात. तुमच्या वडिलांची पद्धत शास्त्राला धरूनच होती. राख ओल ओढून घेते, कणगी शेणानं लिंपलेली असली तरी हवा खेळते, आणि नाचणीचा दाणा जात्याच चिवट. भात, नाचणी, शाळू पिठाची धान्यं आहेत. सोयाबीन तसं नाही. त्याचं साल कागदासारखं पातळ, कोंब सालाच्या अगदी लगत. पोतं उंचावरून आपटलं तरी आतला कोंब मोडतो. चांगलं वाळवलेलं सोयाबीनसुद्धा दोन पावसाळे काढू शकत नाही. जुनी रीत चुकीची नव्हती, पीक नवं आहे.

---

भुदरगडी आप्पा | २५ मे, दुपारी २.४५

हे पटलं. आणि खरं सांगायचं तर शाळवाला आम्हीही गंधक चोळायचो. किलोला ४ ग्रॅम. न चोळता पेरला त्या वर्षी कणसात दाण्याऐवजी काणी निघाली. मळणीला सगळ्यांची तोंडं काळी, मुलं एकमेकांना बघून हसायची आणि वडील खळ्याच्या कडेला गप्प बसले होते.

पण गव्हाच्या काजळीला गंधक चालत नाही, तेवढं मला माहीत आहे. का चालत नाही ते तुम्ही सांगा.

---

बीजांकुर | २५ मे, दुपारी ३.२०

कारण शाळवाच्या दाणेकाणीचे बीजाणू दाण्याच्या अंगावर चिकटलेले असतात, गंधक त्यांना गाठतं. गव्हाची काजळी फुलोऱ्यातच कोवळ्या दाण्यात शिरून कोंबात झोपून राहते. दाणा वरून निर्मळ, उगवण पूर्ण, रोप तजेलदार, आणि ओंबी बाहेर पडते ती काळी. वरून लावलेलं गंधक तिथं पोचत नाही. तिथं कार्बोक्सिनसारखं दाण्यात मुरणारं औषध लागतं. नाहीतर जुना उन्हाचा उपाय: मे महिन्यात सकाळी गहू चार तास पाण्यात भिजवायचा, आतली बुरशी जागी होते, आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात पातळ पसरून कडकडीत वाळवायचा.

बुरशी सालावर आहे, सालाखाली आहे की कोंबात, हे कळलं की उपाय निम्मा सापडला.

---

आजऱ्याची माहेरवाशीण | २५ मे, रात्री ८.५५

माझं माहेर आजऱ्याचं. घनसाळ भात पिकवणारं घर, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आईनं शेजारी साखर वाटली होती.

आमच्याकडं तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत, दरवर्षी काही रोपं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच जायची. फिकट, पिवळसर, काडीसारखी. लहानपणी मी आणि भाऊ त्यांना राजाची रोपं म्हणायचो आणि माझी उंच की तुझी यावर भांडायचो. आई मात्र ती उपटून बांधावर टाकायची. लावली तरी वाळतात किंवा नुसता पेंढा होतो, लोंबी भरत नाही.

मोठेपणी कळलं की ती बियाण्यातली बुरशी, फ्युजारियम. जपानी शेतकरी या रोगाला बाकानाए म्हणतात, म्हणजे खुळं रोप. एइची कुरोसावा या शास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं की बुरशी एक द्रव्य सोडते आणि त्यानं रोप उंच होतं. पुढं १९३५ मध्ये याबुतांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं.

आई आता मिठाचं पाणी करते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, भात ओतून ढवळायचं, तरंगलेलं काढून टाकायचं, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं आणि मग औषध. तरंगणाऱ्यात पोचट आणि रोगट दोन्ही जातं. उंच रोपं आता मोजावी लागतात, इतकी कमी झालीत.

---

तासगावकर पाहुणा | २५ मे, रात्री ९.३०

ताई, थांबा थांबा. जिबरेलिन म्हणजे आम्ही द्राक्षाच्या घडाला डिपिंग करतो ते जीए? भाताला खुळं करणाऱ्या बुरशीचं?

---

आजऱ्याची माहेरवाशीण | २५ मे, रात्री ९.४०

तेच. तुमच्या मण्याची लांबी आमच्या तरव्याच्या रोगातून आली.

---

तासगावकर पाहुणा | २५ मे, रात्री ९.४४

वीस वर्षं बादलीत हात बुडवतोय, आज कळलं. उद्या बागेत सगळ्यांना सांगणार.

---

शिरोळचा मळा | २६ मे, सकाळी ६.५०

कोल्हापूरकरांचा धागा आणि उसाचं नाव नाही, हे बरं नाही. बेणं हेसुद्धा बियाणंच.

मागच्या वर्षी पाणी साचलेल्या रानात आडसाली लागण केली. महिना झाला तरी निम्मे डोळे फुटेनात. टिपरी उकरून उभी चिरली तर आत लालसर, मधला गाभा काळा, आणि वास पिकल्या अननसाचा. पोरगं म्हणालं, "बाबा, इथं कुणी सरबत सांडलंय." त्या रोगाचं नावच अननस रोग. कापलेल्या टोकांतून बुरशी आत जाते आणि डोळा फुटायच्या आतच टिपरीतली साखर संपवते. आता १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून टिपरी १०-१५ मिनिटं बुडवल्याशिवाय लागण करत नाही. चाबूक काणी या उसाच्या दुसऱ्या बुरशीरोगासाठी कारखान्याच्या मळ्यातलं बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया केलेलं, ५४ अंशांवर अडीच तास ठेवलेलं मूलभूत बेणं आणतो.

---

करवीर ७१ | २६ मे, सकाळी ९.००

२०२० आठवतंय का कोणाला? आधीच्या ऑक्टोबरात महाराष्ट्रभर काढणीचं सोयाबीन भिजलं आणि पुढच्या जूनमध्ये उगवलंच नाही म्हणून गावोगावी तक्रारी झाल्या. मी त्यांतला एक. विकतच्या चार पिशव्या पेरल्या, रानात दर पावलाला रिकामी जागा. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीनं पंचनामा केला, पण माझ्याकडं पिशवी नव्हती, तिच्यावरची माहितीची चिठ्ठी म्हणजे टॅग नव्हता. पावती तेवढी होती. भरपाई मिळाली नाही.

म्हणून विकतचं घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो. पिशवी खालच्या बाजूनं फोडा म्हणजे टॅग शाबूत राहील. टॅग, पावती आणि पिशवीत मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. आणि विकतचं असलं तरी घरी १०० दाणे लावून बघा. मी आधी "नवीन पिशव्या आणा" लिहिलं ते घाईत लिहिलं. नवीन पिशवी म्हणजे निरोगी बी असं नाही, हे मलाच सर्वांत जास्त माहीत असायला हवं होतं.

---

गडहिंग्लजकर | २६ मे, सकाळी ९.४०

करवीरदादा, तेव्हा आमच्या गल्लीत तीन घरांनी दुबार पेरणी केली होती. विसरणं शक्य नाही.

---

दूधगंगेचा लेक | २६ मे, रात्री १०.१५

इतकं मनापासून लिहिताय सगळे, आभार कसे मानू कळत नाही. बीजांकुरताई, पुन्हा मोजलं. ५८ मधली सामान्य रोपं ५१ च. सात जणांची मुळं करपलेली.

आज घरातल्यांनी मिळून एक पोतं निवडायला घेतलं. आजीला दिसतं कमी, पण सुपात पाखडताना ती दाणे दोन बोटांत धरून सांगते, "हा हलका, ह्यात जीव नाही." मी तिनं टाकलेले वीस दाणे वेगळे ठेवले आणि रात्री भिंगातून पाहिले. अठरांवर चिरा किंवा खडूसारखी पांढरी छटा. दोनच चांगले होते.

एक शंका. जांभळे डागवाले टाकायचे की ठेवायचे? ते टाकले तर फार माल जातो.

---

मातीचा वास | २६ मे, रात्री १०.४०

टाका. आमच्याकडं डागवाला दाणा बियाण्यात घेतच नाहीत.

---

बीजांकुर | २७ मे, सकाळी ७.१०

मातीचा वास, इथं माझं मत वेगळं आहे. जांभळा डाग दिसायला भयंकर, पण उगवणीवर त्याचा परिणाम बहुधा फोमॉप्सिसइतका नसतो. डाग लहान, दाणा टपोरा आणि वजनदार असेल तर औषध लावून चालतो. निम्म्याहून जास्त साल जांभळं किंवा तडकलेलं असेल तर काढा. पांढरा खडूसारखा दाणा मात्र एकही ठेवू नका.

आणि बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे बरं का. फोमॉप्सिस प्रामुख्यानं सालात असते. गोणपाटात किंवा कागदात कुजकं साल कोंबाला दिवसभर चिकटून राहतं. मातीत कोंब वर येताना साल खालीच सोडून येतो, त्यामुळं काही रोपं सुटतात. शिवाय ही बुरशी साठवणीत महिन्यागणिक आपोआप मरत जाते. म्हणून एक चाचणी ट्रेमध्ये वाळूत करा: न निवडलेलं, निवडलेलं, आणि निवडून औषध लावलेलं. प्रत्येकी १००.

---

मातीचा वास | २७ मे, सकाळी ७.५०

ठीक आहे. माझ्या सासऱ्यांना वाचून दाखवते, ते अजून मानणार नाहीत. पण यंदा आम्हीही एक ट्रे लावतो.

---

शिरोळचा मळा | २७ मे, दुपारी १२.२०

टाकलेला माल कोंबड्यांना, जनावरांना घातला तर चालेल का?

---

आजऱ्याची माहेरवाशीण | २७ मे, दुपारी १२.५५

नको हो. औषध लावलेलं तर अजिबात नको. सासरी एकदा थायरम लावलेला उरलेला मका परड्यात सांडला, कोंबड्यांनी टिपला. आठवडाभर अंडी कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्याची. हातात घेतली की पाण्याचा फुगा. जाऊबाई घाबरून देवाला नारळ बोलल्या.

---

बीजांकुर | २७ मे, दुपारी १.३०

थायरमनं तसं होतं, कोंबड्यांच्या पायांवरही परिणाम होतो. नारळ फोडा, पण मका झाकून ठेवा.

औषध न लावलेलं पण हिरवी-पिवळी भुकटी आलेलं बी, विशेषतः भुईमूग आणि मका, जनावरांना घालू नका आणि घाण्यालाही नेऊ नका. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते, ते शिजवूनही पुरतं जात नाही आणि दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेता घेता खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी पोचले आणि हे विष सापडलं. जिल्ह्यात घराघरात दूध संस्थेचं कॅन आहे म्हणून जास्त कळकळीनं सांगते. असा माल खड्ड्यात पुरा.

---

दूधगंगेचा लेक | ७ जून, रात्री ९.२०

वाळूतल्या ट्रेचा निकाल घेऊन आलो. सामान्य रोपंच मोजलीत.

न निवडलेलं: १०० मध्ये ६० (बाबांचं खरं ठरलं, वाळूत वाढलं). निवडलेलं: ६९. निवडून कार्बोक्सिन-थायरमचं मिश्र औषध किलोला ३ ग्रॅम लावलेलं: ७८.

आकड्यांपेक्षा मला रोपांतला फरक जास्त जाणवला. औषध लावलेल्या ट्रेमधली रोपं एका दिवशी, एका उंचीची वर आली. न निवडलेल्या ट्रेमध्ये काही चौथ्या दिवशी, काही आठव्या. उशिरा आलेल्यांची दलं डागाळलेली, दांडा बारीक. त्यांतलं एक माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळी उभं होतं, सकाळी वाळूलगत आडवं.

दीड क्विंटलमधून निवडून १०८ किलो राहिलंय. बाबा स्वतः आजीशेजारी बसून निवडू लागलेत.

---

बीजांकुर | ७ जून, रात्री ९.५५

फार छान केलंत. ६९ वरून ७८ म्हणजे जे नऊ दाणे बुरशीनं ओढून नेले असते ते वाचले. वाळूतले ७८ रानात पूर्ण मिळणार नाहीत, ती तयारी ठेवा.

औषध लावताना सोयाबीन हातानं चोळू नका, ओलं साल लगेच सुटतं. पाणी अगदी कमी, पोत्यावर टाकून दोघांनी चार टोकं धरून झुलवायचं. सावलीत सुकवायचं. रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणूखतं शेवटी, पेरणीच्या दिवशीच, सावलीत. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरणार असाल तर या औषधासोबत नको, दोन्हींतलं एकच. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय कुरी धरू नका. अर्धवट ओलीत बी फुगून पडून राहिलं की बुरशीला पुन्हा संधी.

---

भुदरगडी आप्पा | ८ जून, सकाळी ६.३०

आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको. खोल गेलं तर कोंब वाटेतच दमतो.

---

दूधगंगेचा लेक | २ जुलै, रात्री ८.४५

१९ जूनला पेरलं. एकरी ३० ऐवजी ३४ किलो टाकलं, उरलेलं नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला ठेवलंय. आज तेरावा दिवस. सकाळी बाबा आणि मी मीटरपट्टी घेऊन दहा ठिकाणी मोजलं. मीटरला कुठं १७, कुठं २१. एका कोपऱ्यात, पाणी थांबतं तिथं, फक्त ९. तिथली मेलेली रोपं उकरली तर मुळं तपकिरी, मऊ, सालपट बोटात निघून येतं. तो कोपरा टोकणीनं भरून घेतोय आणि चर काढतोय.

एक ओळ मुद्दाम न निवडलेल्या, औषध न लावलेल्या बियाची पेरली होती. तिथं मीटरला ११, आणि त्यातही तीन मरतुकडी. बाबा त्या ओळीपाशी बराच वेळ उकिडवे बसले होते. उठताना म्हणाले, "पुढच्या वर्षीचं बियाणं मधल्या पट्ट्यातनं धरायचं. पिवळं पडलं की आधी तेवढंच कापायचं, बाकीचं नंतर." मळणीला यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवायचं आणि दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. पोती फळीवर, चार-पाचाहून उंच थप्पी नाही.

फक्त ताडपत्रीचा प्रश्न आहे. आमची फाटलीय.

---

गडहिंग्लजकर | २ जुलै, रात्री ९.१०

तीस बाय चाळीसची माझ्याकडं दोन आहेत. आमची भुईमुगाची काढणी सप्टेंबरातच उरकते. पिवळं पडायला लागलं की फोन करा, निपाणीला जाताना तुमच्या फाट्यावर टाकून जातो.